'कनेक्टेड' दिसतं, पण काहीच उघडत नाही: डायल-अप सर्व्हरमधला दोष कसा शोधायचा

एओएल या अमेरिकी कंपनीने ३० सप्टेंबर २०२५ रोजी आपली डायल-अप, म्हणजे फोन लावून जोडायची इंटरनेट सेवा कायमची बंद केली. बातमी वाचून अनेकांना पहिला प्रश्न पडला तो हाच, की ही सेवा अजून चालू होती? होती. अमेरिकेच्या जनगणना खात्याच्या २०२३ च्या अंदाजानुसार तिथली सुमारे १ लाख ६३ हजार घरं इंटरनेटसाठी केवळ डायल-अपवर होती. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, तेही टेलिफोनच्या तारेवरूनच. पुढची बरीच वर्षं बँकांच्या शाखा, गोदामं आणि कारखान्यांची लांबची ऑफिसं मुख्य कार्यालयाशी अशीच जोडलेली होती.

त्या काळापासून एक तक्रार चालत आली आहे आणि नीट उत्तर न मिळाल्यामुळे ती आजही तशीच ऐकू येते. फोन लागतो, पासवर्ड चालतो, पडद्यावर 'कनेक्टेड' अशी खूण येते, आणि तरीही मुख्य कार्यालयातली एकही फाइल उघडत नाही. तालुक्याच्या शाखेतला कारकून फोन करतो, तर पलीकडून सांगितलं जातं, "तुमचा मोडेम बघा." मोडेम, म्हणजे कॉम्प्युटरला फोनच्या तारेशी जोडणारा डबा, बदलतात. लाइनमन येऊन तार तपासून जातो. कॉम्प्युटरवर विंडोज नव्याने टाकलं जातं. फरक काही पडत नाही, कारण बिघाड त्या शाखेत नसतोच. पासवर्ड स्वीकारला गेल्यानंतर अडणाऱ्या जोडणीचा दोष बहुतेक वेळा फोन उचलणाऱ्या बाजूला असतो, आणि तसं सिद्ध करणं फारसं अवघड नाही. कसं, ते पाहू.

## फोन उचलणारं यंत्र नेमकं काय करतं?

मुख्य कार्यालयात फोनच्या एक किंवा अनेक लाइन्सना मोडेम लावलेले असतात आणि ते एका सर्व्हरला जोडलेले असतात. बाहेरून येणारे कॉल घेऊन कॉल करणाऱ्याला आतल्या नेटवर्कमध्ये सामावून घेणं हे त्या सर्व्हरचं काम. त्याला रिमोट ॲक्सेस सर्व्हर म्हणतात. या क्षेत्रातले लोक नुसतं 'रास' म्हणतात. विंडोज एनटी आणि विंडोज २००० मध्ये ही सोय सोबतच येत असे. लिनक्सवर तेच काम पीपीपीडी नावाचा प्रोग्राम करतो.

हे समजायला पंढरपूर किंवा शेगावचं एखादं भक्तनिवास डोळ्यांसमोर आणा. रात्री उशिरा पोचलात. आधी फाटक उघडावं लागतं. मग काउंटरवरच्या माणसाशी बोलणं जुळावं लागतं. मग तो ओळखपत्र मागतो. ते पटलं की खोलीचा क्रमांक देतो. तो क्रमांक हातात आल्याशिवाय तुम्ही आवारात असूनही कुठलेच नसता. तुमच्या नावाने आलेला निरोप कुठे पोचवायचा, हे कोणालाच ठाऊक नसतं.

डायल-अपमध्ये हाच क्रम असतो. पहिल्यांदा दोन मोडेम एकमेकांना ऐकतात. मग पीपीपी नावाच्या नियमावलीप्रमाणे दोन्ही बाजू बोलण्याच्या अटी ठरवतात. मग नाव आणि पासवर्ड तपासला जातो. आणि सगळ्यात शेवटी कॉल करणाऱ्याला आयपी पत्ता मिळतो, म्हणजे नेटवर्कमध्ये त्याला ओळखायचा क्रमांक. पीपीपीची आज वापरात असलेली नियमावली १९९४ सालची आहे आणि हा क्रम तिच्यात पक्का बांधलेला आहे. आधीचा टप्पा पार झाल्याशिवाय पुढचा सुरू होत नाही.

दोष शोधताना आपल्या हातातलं सगळ्यात मोठं हत्यार म्हणजे हा क्रम. जोडणी पासवर्डाच्या टप्प्यावर पोचली असेल, तर फोनची लाइन, मोडेम आणि मोडेमची तार त्या क्षणी काम करत होती. त्यावर पुन्हा शंका घेण्यात वेळ घालवू नये.

## एररचा आकडा वाचायचा असतो

जोडणी फसली की विंडोज एक तीन अंकी आकडा दाखवतं. बहुतेक लोक तो न वाचताच खिडकी बंद करतात आणि पुन्हा डायल करतात. खरं तर कोणता टप्पा अडला ते त्या आकड्यातच असतं.

६८० म्हणजे डायल टोनच नाही. ६७६ म्हणजे लाइन व्यस्त. ६७८ म्हणजे पलीकडून कोणी उचललं नाही. हे सगळं फाटकावरचं. ७१८ किंवा ७२१ दिसला तर फोन उचलला गेला आहे, पण पीपीपीच्या बोलण्याला वेळेत उत्तर आलेलं नाही. ६९१ म्हणजे नाव किंवा पासवर्ड नाकारला गेला. ६४९ म्हणजे ओळख पटली, पण या खात्याला बाहेरून डायल करून आत यायची परवानगीच दिलेली नाही. ही परवानगी सर्व्हरवर त्या खात्यापुरती द्यावी लागते आणि नवीन कर्मचाऱ्याचं खातं उघडताना ती हमखास राहून जाते. ७२० म्हणजे ओळखीचा टप्पा ओलांडला, पण पुढे कोणत्या नेटवर्क-पद्धतीने बोलायचं यावर दोन्ही बाजूंचं एकमत झालं नाही. सर्व्हरवर टीसीपी-आयपी, म्हणजे इंटरनेटची नेहमीची पद्धत, चालूच केलेली नसेल तर असं होतं.

थोडं विषयांतर करतो, कारण ही तक्रारही नेहमीची आहे. दोन्ही टोकांना ५६ किलोबिटचे मोडेम लावले तरी वेग ३३.६ च्या वर जात नाही आणि लोक सर्व्हरला दोष देतात. ५६ चा वेग फक्त सर्व्हरची बाजू टेलिफोन एक्स्चेंजशी डिजिटल लाइनने जोडलेली असेल तरच मिळतो. ऑफिसात साध्या लाइनवर साधा मोडेम असेल, तर ३३.६ हीच मर्यादा. तो बिघाड नव्हे.

सगळ्यात फसवी स्थिती मात्र आकडाच न येण्याची. सगळे टप्पे पार, 'कनेक्टेड', आणि तरी काही नाही.

## १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता

अशा वेळी शाखेतल्या माणसाला फोनवरून एकच गोष्ट करायला सांगावी. जोडणी चालू असताना काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्टमध्ये) 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा द्यायची आणि पीपीपी असं लिहिलेल्या भागातला पत्ता वाचून दाखवायचा. एका मिनिटाचं काम आहे.

समजा मुख्य कार्यालयातले पत्ते १९२.१६८.१ ने सुरू होतात. शाखेला त्याच मालिकेतला पत्ता मिळाला असेल तर ठीक. पण वाचून दाखवलेला पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर पुढचा सगळा तपास सर्व्हरवर करायचा आणि शाखेतल्या माणसाला मोकळं करायचं.

कारण असं. ऑफिसातल्या यंत्रांना पत्ते वाटण्यासाठी डीएचसीपी नावाची सेवा असते. नेटवर्कमध्ये आलेलं यंत्र विचारतं, "मला पत्ता द्या," आणि ही सेवा तिच्या साठ्यातला एक मोकळा पत्ता ठराविक मुदतीसाठी देते. रास सर्व्हरही कॉल करणाऱ्यांसाठी पत्ते तिच्याकडूनच आणतो. भक्तनिवासाच्या काउंटरवरचा माणूस संस्थानच्या कचेरीतून किल्ल्या आणून ठेवतो, तसं. पण कचेरी बंद असेल तर? तेव्हा विंडोजचा रास कॉल करणाऱ्याला परत पाठवत नाही. तो १६९.२५४ च्या मालिकेतला एक तात्पुरता पत्ता देऊन टाकतो. ही मालिका 'कोणीच पत्ता दिला नाही, म्हणून स्वतःच घेतला' अशा यंत्रांसाठी राखीव आहे. ती फक्त त्याच तारेवरच्या शेजाऱ्यांपुरती चालते. एका नेटवर्कमधून दुसऱ्यात संदेश पोचवणारे राउटर हे पत्ते पुढे पाठवत नाहीत. आतल्या खोल्यांमध्ये हा क्रमांक कोणालाच माहीत नसतो.

म्हणून कॉल करणाऱ्याला सगळं ठीक दिसतं. त्याच्याजवळ पत्ता आहे, जोडणी आहे, मोडेमचे दिवे लुकलुकतात. आणि ऑफिसच्या दृष्टीने तो अस्तित्वातच नसतो.

सर्व्हर हे लपवत नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. विंडोजच्या इव्हेंट लॉगमध्ये, म्हणजे घडामोडींच्या नोंदवहीत, २०१६९ क्रमांकाची नोंद पडते: डीएचसीपी सर्व्हरशी संपर्क झाला नाही, डायल करणाऱ्यांना १६९.२५४ चे पत्ते दिले जातील, त्यांना नेटवर्कवरच्या गोष्टी कदाचित मिळणार नाहीत. इतक्या स्पष्ट शब्दांत. शाखेत मोडेम बदलायला माणूस पाठवण्याआधी ही नोंद कोणीतरी वाचायला हवी. माझ्या मते सर्व्हर सांभाळणाऱ्याची ही पहिली जबाबदारी आहे.

इथे एक खबरदारी. आयपीकॉन्फिगमध्ये पत्त्याखाली २५५.२५५.२५५.२५५ असा मास्क (मालिका किती मोठी ते सांगणारा आकडा) आणि गेटवे (बाहेर जायचं दार) म्हणून स्वतःचाच पत्ता दिसला, तर घाबरू नका. विंडोज २००० आणि एक्सपीवर डायल-अप जोडणीत ते तसंच दिसतं. दोनच टोकांची जोडणी असल्यामुळे तिला शेजारी नसतात. हे आकडे 'दुरुस्त' करायच्या प्रयत्नात लोकांनी चांगल्या जोडण्या बिघडवल्या आहेत.

## "पण रीस्टार्ट केलं की चालतं!"

हे खरं आहे, आणि त्यामुळेच हा दोष वर्षानुवर्षं टिकतो. रीस्टार्टने का चालतं, ते कळलं तर तो कायमचा जातो.

पहिलं कारण वीज. २००० च्या दशकात महाराष्ट्रात भारनियमन रोजचं होतं. वीज गेली, बॅटरी संपली, सगळे सर्व्हर बंद पडले. वीज आली की सगळे एकदमच सुरू होतात, पण तयार एकदम होत नाहीत. रास सर्व्हर आधी उठला आणि त्याने पत्ते मागितले, तेव्हा डीएचसीपीचा सर्व्हर अजून सुरूच होत होता. उत्तर आलं नाही. रासने १६९.२५४ चा मार्ग धरला. तासाभराने कोणीतरी रास पुन्हा सुरू केला; तोवर डीएचसीपी जागी होती, पत्ते मिळाले, सगळं चालू. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि पुढच्या वीजकपातीला पुन्हा तेच. इथे औषध साधं आहे: डीएचसीपीचं यंत्र आधी, रासचं नंतर, हा क्रम लिहून भिंतीवर लावायचा.

दुसरं कारण अधिक आत दडलेलं आहे. अनेक ठिकाणी रास सर्व्हरला दोन नेटवर्क कार्ड असतात, एक आतल्या ऑफिसच्या नेटवर्कसाठी आणि दुसरं बाहेरच्या लाइनसाठी. कॉल करणाऱ्यांसाठीचे पत्ते कोणत्या कार्डावरून मागायचे, यासाठी विंडोज २००० च्या रासमध्ये एक सेटिंग आहे. ते मुळात 'रासला ठरवू द्या' असं असतं. आणि रास ते ठरवतो कसं? सुरू होताना तो दोनपैकी कोणतंही एक कार्ड उचलतो. आतलं कार्ड निवडलं गेलं तर डीएचसीपी सापडते आणि सगळं सुरळीत. बाहेरचं निवडलं गेलं तर पत्ते नाहीत. म्हणजे रीस्टार्टने दोष दुरुस्त होत नव्हता; दरवेळी चिठ्ठी नव्याने काढली जात होती. सर्व्हरच्या गुणधर्मांच्या आयपी या पानावर जाऊन आतलं कार्ड एकदा नाव घेऊन निवडलं की हा खेळ थांबतो. एवढ्या लहान सेटिंगपायी किती माणसांचे किती दिवस वाया गेले असतील, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तिसरं कारण साठ्याचं. विंडोजचा रास डीएचसीपीकडून एकेक पत्ता मागत नाही. एकदम दहा घेतो. त्यातला एक स्वतःसाठी ठेवतो आणि नऊ कॉल करणाऱ्यांना देतो. दहावा कॉल आला की आणखी दहा आणतो. आता ऑफिसात नवीन कॉम्प्युटर आले, डीएचसीपीच्या साठ्यात मोजके पत्ते उरले, तर रासला पुरेसे पत्ते मिळत नाहीत. किंवा उलट होतं: रासने दहा पत्ते उचलले म्हणून लेखा विभागातला एखादा कॉम्प्युटर सकाळी नेटवर्कवर येत नाही, आणि त्याचा संबंध डायल-अपशी आहे हे कोणाच्या ध्यानीमनी नसतं. डीएचसीपीची यादी उघडली की रासने घेतलेले पत्ते वेगळे ओळखू येतात. ते मोजून साठा वाढवायचा.

## "मग प्रत्येकाला ठरावीक पत्तेच देऊन टाका ना!"

डीएचसीपीवर विसंबायचंच नाही, हा विचार चांगला आहे आणि मलाही तो आवडतो. रास सर्व्हरला पत्त्यांचा स्वतःचा पट्टा देता येतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२०० पासून पुढे. वीज कोणत्याही क्रमाने येवो, रासजवळ त्याच्या किल्ल्या असतातच.

पण यात दोन चुका वारंवार होतात. पहिली: तेच पत्ते डीएचसीपीच्या साठ्यातून वगळायला लोक विसरतात. मग एकच पत्ता रास एका शाखेला देतो आणि डीएचसीपी ऑफिसातल्या प्रिंटरला. दोघांपैकी कधी एक चालतं, कधी दुसरं, कधी दोन्ही अडतात, आणि दोष पकडायला अतिशय कठीण होतो.

दुसरी चूक मोजणीची. सोळा मोडेम आहेत म्हणून पट्ट्यात सोळा पत्ते ठेवले जातात. पण पट्ट्यातला पहिला पत्ता सर्व्हर स्वतःला घेतो. उरले पंधरा. एरवी सोळाही लाइन्स एकाच वेळी भरत नाहीत, म्हणून महिनाभर काही जाणवत नाही. महिनाअखेरीला सगळ्या शाखा एकदम हिशेब पाठवायला बसल्या की सोळावी शाखा अडकते. दोन मिनिटांनी कोणीतरी फोन ठेवतं आणि तिचं काम होतं. अशी तक्रार आली की 'लाइन खराब असेल' हे उत्तर देणं फार सोपं असतं. मोडेमच्या संख्येपेक्षा किमान एक पत्ता जास्त हवा; मी तर चार-पाच जास्तच ठेवीन.

न्यायाने सांगायचं तर एक दोष शाखेच्या बाजूलाही असू शकतो. शाखेतल्या कॉम्प्युटरवर पूर्वीच्या कोणत्या तरी जोडणीसाठी आयपी पत्ता किंवा डीएनएसचा (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेचा) पत्ता हाताने लिहून ठेवलेला असतो, आणि तो सर्व्हरच्या वाटपाशी जुळत नाही. डायल-अप जोडणीच्या गुणधर्मांमध्ये पत्ता आपोआप घ्यायचा पर्याय निवडलेला आहे का, हे एकदा पाहून घ्यावं.

## पत्ता बरोबर आहे, तरी पुढे जाता येत नाही

आता समजा पत्ता व्यवस्थित मिळाला आहे. इथे 'पिंग' ही आज्ञा कामी येते. एखाद्या पत्त्यावर छोटासा संदेश पाठवून उत्तर येतं का, ते ती पाहते. आधी रास सर्व्हरला पिंग करायचं, मग सर्व्हरच्या पलीकडल्या, ऑफिसातल्या दुसऱ्या एखाद्या यंत्राला.

सर्व्हर उत्तर देतो आणि पलीकडलं यंत्र देत नाही, असं निघालं तर शक्यता मुख्यतः दोन.

एक, सर्व्हर आलेला संदेश पुढेच पाठवत नाही. विंडोज एनटी ४.० मध्ये रास बसवताना एक प्रश्न विचारला जायचा: कॉल करणाऱ्याला संपूर्ण नेटवर्क वापरू द्यायचं की फक्त हा एकच कॉम्प्युटर? सुरक्षिततेच्या विचाराने कोणीतरी दुसरा पर्याय निवडलेला असतो आणि तो माणूस केव्हाच नोकरी सोडून गेलेला असतो. विंडोज २००० मध्ये हेच काम 'एनेबल आयपी राउटिंग' ही खूण करते. लिनक्सवर आयपी फॉरवर्डिंग शून्यावर असेल तर हाच परिणाम दिसतो; तिथे ते एकवर करावं लागतं.

दुसरी शक्यता जास्त गोंधळात टाकते. संदेश पोचतो, उत्तर परत येत नाही. लोक जाण्याच्या वाटेचा विचार करतात, येण्याच्या वाटेचा करत नाहीत. ऑफिसातल्या यंत्राला उत्तर द्यायचं आहे १९२.१६८.१.२०५ या पत्त्याला. हा पत्ता त्याच्याच मालिकेतला, म्हणून ते आपल्या तारेवर हाक मारतं: २०५ कोण आहे? पण २०५ तर फोनच्या तारेच्या पलीकडे, साठ किलोमीटरवरच्या शाखेत आहे. त्याच्या वतीने रास सर्व्हरने 'माझ्याकडे द्या' असं म्हणावं लागतं, जसा काउंटरवरचा माणूस खोलीतल्या यात्रेकरूसाठी आलेला निरोप घेतो. याला प्रॉक्सी आर्प म्हणतात. विंडोजचा रास हे आपोआप करतो. लिनक्सच्या पीपीपीडीला 'प्रॉक्सीआर्प' हा पर्याय लिहून द्यावा लागतो, आणि दिलेला पत्ता ऑफिसच्या कोणत्याच मालिकेत बसत नसेल तर त्याच्या नोंदवहीत 'कॅनॉट डिटरमाइन इथरनेट ॲड्रेस फॉर प्रॉक्सी आर्प' अशी ओळ उमटते. मुद्दाम वेगळी मालिका दिलेली नसेल, तर ही ओळ दिसली की पत्त्यांचा पट्टा चुकला आहे, हे नक्की.

कॉल करणाऱ्यांना मुद्दाम वेगळी मालिका दिली असेल, समजा १०.१०.१०, तर हाक मारण्याचा प्रश्नच येत नाही. मग ऑफिसच्या मुख्य राउटरला सांगावं लागतं की १०.१०.१० कडे जायचं असेल तर रास सर्व्हरकडे द्या. ही एक ओळ लिहायची राहिली की राउटर ती सगळी उत्तरं इंटरनेटच्या दिशेने पाठवतो आणि ती तिथेच संपतात.

एवढं मात्र लक्षात असू द्या, की पिंगला उत्तर आलं नाही म्हणजे वाट बंदच, असं नसतं. विंडोज एक्सपीच्या २००४ च्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणारे संदेश अडवणारा पहारेकरी प्रोग्राम, मुळातच चालू असते आणि ती पिंग अडवू शकते. म्हणून एकाच यंत्रावरून निष्कर्ष काढू नये.

## पत्त्याने उघडतं, नावाने नाही

पलीकडचं यंत्र आकड्याने सापडतं पण नावाने सापडत नाही, असं असेल तर नेटवर्क ठीक आहे. नावावरून पत्ता सांगणाऱ्या डीएनएस सेवेचा पत्ता चुकीचा मिळाला आहे. रास आपल्या निवडलेल्या कार्डावरची डीएनएसची माहितीच कॉल करणाऱ्याला देतो. कार्ड चुकीचं निवडलेलं असेल तर हेही चुकतं, म्हणजे वरची तीच दुरुस्ती इथेही लागू पडते. जुन्या विंडोजमध्ये 'नेटवर्क नेबरहूड' रिकामं दिसतं म्हणून जोडणी तुटली असं समजणारेही खूप असत. ती यादी तारेवर सगळ्यांना उद्देशून मारलेल्या हाकांवर तयार होते आणि त्या हाका फोनच्या पलीकडे जात नाहीत. विन्स नावाची, यंत्रांची नावं आणि पत्ते नोंदवून ठेवणारी वेगळी सेवा नसेल तर यादी रिकामीच राहणार. फाइल मात्र सर्व्हरचा पत्ता टाकून उघडता येते.

आणि दोष शोधता शोधता एक काम कधीही करू नये: 'बघू तरी' म्हणून पासवर्ड तपासणी काढून टाकणं किंवा ती पीएपी या साध्या पद्धतीवर आणणं. पीएपीत पासवर्ड उघड्या स्वरूपात जातो. तात्पुरते केलेले असे बदल विसरले जातात आणि फोन नंबर माहीत असलेल्या कोणालाही ऑफिस खुलं राहतं.

## "डायल-अपच नाही, मग हे कोणाला हवं?"

तुमच्याकडे फायबर असेल तर कदाचित तुम्हालाच. बीएसएनएलसह अनेक कंपन्यांच्या फायबर आणि ब्रॉडबँड जोडणीत राउटर आजही नाव-पासवर्ड देऊन 'डायल' करतो. फोन नंबर नसतो, पण आत पीपीपीच असते, इथरनेटवर, म्हणजे साध्या नेटवर्कच्या तारेवर, बसवलेली. या पीपीपीओई पद्धतीची नियमावली १९९९ ची आहे. पलीकडे जे यंत्र ही जोडणी घेतं, त्याचं नाव ब्रॉडबँड रिमोट ॲक्सेस सर्व्हर. तोच सर्व्हर, मोठा झालेला.

म्हणूनच आकड्यांचा अर्थही टिकून आहे. ब्रॉडबँडवर ६७८ आला तर पलीकडच्या यंत्राने तुमची हाक ऐकलेली नाही. तार, फायबरचा डबा, त्यावरचा एलओएसचा (सिग्नल येत नसल्याचा) लाल दिवा तपासा. ६९१ आला तर फायबर, तार, राउटर सगळं काम करत आहे, कारण तुमचं नाव तिथवर पोचलं आणि नाकारलं गेलं. पासवर्ड चुकलेला असेल, प्लॅन संपला असेल, किंवा तुमची जुनी जोडणी सर्व्हरच्या लेखी अजून चालूच असेल. ६९१ साठी कोणी नवीन केबल विकायला लागला तर घेऊ नका. आणि काही संकेतस्थळं उघडतात, काही अर्धवट लटकतात, असं होत असेल तर राउटरमध्ये एमटीयू, म्हणजे एका पाकिटात जास्तीत जास्त किती बाइट मावतात तो आकडा, १४९२ आहे का ते पाहा. पीपीपीओई प्रत्येक पाकिटातले ८ बाइट स्वतःला घेते, म्हणून नेहमीचे १५०० तिथे मावत नाहीत.

२०२० च्या टाळेबंदीत घरून ऑफिसला जोडणारे व्हीपीएन घरोघरी आले आणि त्यांच्यासोबत पत्त्यांचा जुना प्रश्नही आला. घरचा राउटर १९२.१६८.१ ची मालिका वापरतो, ऑफिसही तीच वापरतं. व्हीपीएन जोडलं जातं, 'कनेक्टेड' दिसतं, आणि ऑफिसचा १९२.१६८.१.१० हा सर्व्हर उघडायला गेलं की कॉम्प्युटर तो घरातच शोधत बसतो. घरच्या राउटरची मालिका बदलून वेळ निभावता येते. पण अशा शेकडो कर्मचाऱ्यांना राउटरची पानं उघडायला लावण्यापेक्षा ऑफिसने आपली मालिका सहसा कोणाच्या घरी नसेल अशी, उदाहरणार्थ १०.७३.४० सारखी, ठेवावी. ते काम एका जागी होतं, आणि ज्यांना ते करता येतं त्यांच्याच हातात असतं.